हे काय असावे बरे?

जुन्या घराचा माळा, देवळामागची पडवी आणि शेताचा बांध या तीन जागा म्हणजे आपल्या गावोगावची विनामूल्य वस्तुसंग्रहालयेच होत. फरक एवढाच की, तेथील वस्तूंना चिठ्ठ्या लावलेल्या नसतात. वस्तू तेथे असते. ती वापरणारा माणूस गेलेला असतो, आणि पुष्कळदा तिचे नावही त्याच्याबरोबर गेलेले असते. मग घरातले कोणी तरी ती हातात घेऊन उलटसुलट फिरविते, 'हे काय असावे बरे?' असे म्हणते, आणि पुन्हा कोपऱ्यात ठेवून देते किंवा मोडीच्या भावाने विकून टाकते. या 'काय असावे बरे'चे उत्तर कसे शोधावे, विद्वानांनी ते कसे शोधले, आणि केव्हा केव्हा त्यांचाही तर्क कसा फसला, याविषयी काही गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत.

आमच्या शाळेत मुलामुलींनी घरातल्या जुन्या वस्तू आणून एकदा लहानसे प्रदर्शन मांडले. अट एकच होती. वस्तूचे नाव आणणाऱ्याने सांगावयाचे नाही. पाहणाऱ्याने ओळखून कागदावर लिहावयाचे. अडकित्ता, चुन्याची डबी, शेवया गाळण्याचा साचा ही मंडळी लगेच ओळखली गेली. भात मोजण्याचे लाकडी माप पाहून मात्र एकाने 'झाडाची कुंडी' असे लिहिले. वीस कुडवांची एक खंडी हा हिशोब त्याच्या आजोबांच्या जिभेवर असेल, त्याच्या कानांवरून तो कधी गेला नव्हता. एका मुलीने तळहाताएवढे, चौकोनी कापलेले, दुधी रंगाचे पातळ तुकडे आणले होते. पुष्कळांना ते अभ्रक वाटले. ते शिंपले होते. काच दुर्मिळ होती त्या काळी गोव्यातल्या घरांच्या खिडक्यांना लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत असे शिंपले बसवीत. उन्हाची तिरीप बाहेर राही आणि मऊ उजेड तेवढा आत येई. अशा खिडक्या आजही जुन्या घरांना पाहावयास मिळतात, आणि खिडकीत बसलेला शिंपला कोणीही ओळखील. पण तोच चौकटीतून सुटून हाती आला की मुका होतो. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

सर्वांना चकविले ते एका तांब्याच्या वाटीने. वाटी पातळ पत्र्याची, अर्धगोल, आणि बुडाशी बरोबर मध्यभागी सुईने पाडावे तसे एक छिद्र. बहुतेकांनी 'फुटकी वाटी' असे लिहून हात झटकले. दोघांनी 'अभिषेकपात्र' म्हटले, आणि हा तर्क काही वाईट नव्हता. शंकराच्या पिंडीवर धार धरणाऱ्या पात्रालाही तळाशी छिद्र असतेच. पण अभिषेकपात्र टांगावे लागते, नाही तर तिवईवर ठेवावे लागते. टांगावयाचे तर काठाला कड्या किंवा कान हवेत. तिवईवर ठेवावयाचे तर वाटीच्या पोटावर घासल्याची रेघ उमटावयास हवी. येथे दोन्ही नव्हते. बरे, फुटकी म्हणावी, तर फुटलेल्या भांड्याचे भोक वेडेवाकडे असते आणि ते नेमके मध्यावर पडत नाही. हे छिद्र गोल होते, त्याचा काठ गुळगुळीत होता. म्हणजे ते पडलेले नव्हते, पाडलेले होते. वाटीला काजळी नव्हती, म्हणून ती चुलीवर चढलेली नव्हती. आतून ओरखडे नव्हते, म्हणून तिच्यात पळी फिरली नव्हती. ज्या भांड्यात काही ठेवता येत नाही, काही शिजविता येत नाही, ते कोणी एवढ्या काळजीने का घडवावे?

शेवटी एका मुलाने ती पाण्याने भरलेल्या बादलीत अलगद सोडली. वाटी तरंगू लागली. छिद्रातून पाण्याचा बारीक धागा वर येऊ लागला, वाटी हळूहळू जड होत गेली, आणि पाणी काठाला टेकताच एकदम 'डुबुक्' करून तळाशी गेली. मुलांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. तेवीस मिनिटे आणि वर काही सेकंद झाले होते.

ते घटिकापात्र होते. आपल्या पूर्वजांनी दिवस आणि रात्र मिळून ६० घटका मानल्या. म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. घटकेची ६० पळे. म्हणजे पळ २४ सेकंदांचे. 'सूर्यसिद्धान्त' या प्राचीन ज्योतिषग्रंथात तळाशी छिद्र असलेल्या, स्वच्छ पाण्याच्या कुंडात ठेवावयाच्या आणि अहोरात्रात साठ वेळा बुडणाऱ्या तांब्याच्या पात्राचे वर्णन आहे. मोगल बादशहा बाबर याने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील नवलाईच्या गोष्टी नोंदविल्या आहेत, त्यांत हे पात्र आणि ते बुडताच काशाच्या थाळीवर टोला देणारे पहारेकरी यांचीही नोंद आहे. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्तासाठी घंगाळात पाणी भरून त्यात घटिकापात्र सोडण्याची चाल कित्येक घराण्यांत मनगटावर घड्याळे आल्यानंतरही टिकून राहिली. जोशीबुवा त्याच्याजवळ बसून राहत, आणि ते बुडाले की अंतरपाटाकडे धाव घेत.

हे पात्र घडविणे सोपे नव्हे. छिद्र मोठे झाले तर ते लवकर बुडते. पत्रा जाड झाला, वाटी जड झाली, तरीही लवकर बुडते. कारागिराला वजन आणि छिद्र या दोहोंचा मेळ घालावा लागे, आणि तो थोडे थोडे करून, पुन्हा पुन्हा पाण्यात सोडूनच साधे. आमच्या प्रदर्शनातील वाटी मिनिटभर पुढे का धावत होती याचे कारण बहुधा चिंच आणि राख हे असावे. पिढ्यान् पिढ्या घासून घासून छिद्राचा काठ झिजला असणार.

पात्र माळ्यावर गेले, तरी ते आपल्या भाषेत मात्र शाबूत आहे. 'घटकाभर बसा' असे आपण पाहुण्याला म्हणतो, तेव्हा खरे म्हणजे आपण त्याला एक वाटी बुडेपर्यंत बसवून घेत असतो. 'त्याची घटका भरली' या वाक्प्रचारात काय भरले, हे त्या वाटीवाचून कळणे कठीण. 'घड्याळ' या शब्दाच्या पोटीही हीच घटी आहे. आम्ही घरी कोकणी बोलतो. आमच्या कोकणीत तासाला 'वर' म्हणतात आणि तो शब्द पोर्तुगीजांच्या 'ओरा'वरून आलेला आहे. एकाच घरात बाहेरच्या खोलीत पोर्तुगीज तास आणि माळ्यावर हिंदू घटका, असा हा संसार.

या वाटीने जे शिकविले ते एवढेच की, वस्तूकडे नुसते पाहून भागत नाही. तिला काही तरी करावयास लावावे लागते. पुराणवस्तुशास्त्रातले एक सुरेख उदाहरण याच जातीचे आहे. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील उत्खननांत गारगोटीच्या जातीच्या दगडाचे गुळगुळीत, घासून चौरस केलेले लहानमोठे ठोकळे सापडले. फाशांसारखे दिसत, पण त्यांवर ठिपके नव्हते. मणी म्हणावेत तर भोक नव्हते. कोणी तरी ते तराजूत घातले, आणि ते बोलू लागले. लहान ठोकळ्याला एक मानले तर पुढचे दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट असे चढत जात होते, आणि सोळा पटीचा ठोकळा १३.६ ग्रॅमांच्या आसपास भरत होता. शेकडो मैल दूर असलेल्या शहरांतले ठोकळे हाच हिशोब सांगत होते. ती वजने होती, याविषयी मग शंका उरली नाही. सोळा आण्यांचा रुपया आणि सोळा छटाकांचा शेर ज्यांना आठवतो त्या वडीलधाऱ्या वाचकांचे मन लगेच त्या सोळाकडे धावेल. धावू द्यावे; मात्र मधल्या हजारो वर्षांवर पूल बांधावयाचा तर त्यासाठी पुराव्याचे खांब लागतात.

त्याच मोहेंजोदडोत एका दाढीवाल्या पुरुषाचा दगडी अर्धपुतळा मिळाला. खांद्यावरून तिपाकळी नक्षीची शाल, कपाळावर पट्टा, अर्धोन्मीलित डोळे. त्याला 'पुरोहित राजा' असे नाव पडले आणि क्रमिक पुस्तकांतून ते घरोघर पोहोचले. वस्तुतः तो पुरोहित होता की राजा होता, की दोन्ही नव्हता, हे सांगणारा एकही लेख वाचला गेलेला नाही, कारण ती लिपीच अद्याप उलगडलेली नाही. ठोकळ्यांना नाव मिळाले ते तराजूमुळे. पुतळ्याला मिळाले ते त्याच्या रुबाबामुळे. या दोन नावांची किंमत सारखी मानू नये.

महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली एका माणसाला झुडपाचे मूळ खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैल जुंपलेला रथ व त्यात उभा असलेला माणूस. जनावरांनाही चाके. चाके पाहिली की खेळणे आठवते; मातीचे चाकांचे बैल आपण जत्रेतून आणतोच. पण या चौघांचे मिळून वजन ६० किलोग्रॅमांहून अधिक आहे. असले खेळणे कोणत्या बाळाला ओढता येईल? म्हणून काही अभ्यासकांनी ती देवतांच्या मिरवणुकीत ओढण्याची वाहने मानली. येथे काट्याने 'काय आहे' हे सांगितले नाही; 'काय नाही' एवढे सांगितले. तेही काही थोडे नव्हे.

आता दगडांकडे वळू. गोव्यात, कोकणात आणि घाटावर देवळाच्या आवारात, पिंपळाच्या पारावर किंवा गावाच्या शिवेवर कोरीव शिळा उभ्या असतात. पुष्कळ ठिकाणी त्यांना शेंदूर फासलेला असतो, आणि 'हा कोण देव?' असे विचारले तर 'पूर्वीपासून आहे' एवढेच उत्तर मिळते. त्यांतल्या ज्या शिळेवर एकावर एक तीन-चार चौकटी कोरलेल्या दिसतात तो बहुधा वीरगळ असतो, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचे स्मारक. आपण पुस्तक वरून खाली वाचतो; वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. सर्वांत खाली लढाई: ढाली, तलवारी, कधी घोडे, आणि आडवा पडलेला वीर. तेथे गुरे कोरलेली असतील, तर गावची गुरे पळविणाऱ्यांशी लढताना त्याला मरण आले असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून स्वर्गाला नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. शिखरावर कलश, आणि दोन बाजूंना चंद्र-सूर्य. ते आकाशात आहेत तोवर त्याची कीर्ती राहावी म्हणून. एकही अक्षर न कोरता एका माणसाचे मरण आणि त्यापुढचा प्रवास सांगून झाला. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथे आणि जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात असे वीरगळ आहेत की, त्यांच्यावर लढाई जमिनीवर नसून पाण्यावर आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते एकमेकांवर चाल करून येत आहेत. शिलाहार आणि कदंब राजांचे आरमार कसे होते हे जाणण्यास अशा शिळांची मोठी मदत होते.

शिळेवर कोपरात दुमडून वर उभारलेला बांगड्यांनी भरलेला एक हात दिसला, तर ती सतीची शिळा होय. चुडा शाबूत आहे, हे त्या हाताने सांगावयाचे असते. तिच्यासमोर आम्हांला फार वेळ उभे राहवत नाही.

पण सर्वांत अधिक गैरसमज झाला आहे तो गद्धेगाळ नावाच्या शिळेविषयी. वर चंद्र, सूर्य आणि कलश. मध्ये पुष्कळदा काही ओळींचा लेख. आणि खाली एक गाढव व एक स्त्री. राजाने किंवा अधिकाऱ्याने एखाद्या देवळाला, ब्राह्मणाला किंवा गावाला जमीन दान दिली की तशी शिळा त्या जमिनीपाशी उभी करीत. चंद्र-सूर्य म्हणजे, ते आहेत तोवर हे दान चालेल. आणि खालचे चित्र म्हणजे हे दान जो मोडील त्याला दिलेली शिवी. शिवी अतिशय हीन आहे आणि शाळेच्या अंकात छापण्याजोगी नाही. पण तिचा हेतू समजण्याजोगा आहे. त्या काळी लिहिता-वाचता येणारे किती? लेख ज्याला वाचता येत नव्हता त्यालाही ते चित्र कळत होते आणि त्याची त्याला लाज वाटत होती. कागद जळतो, ताम्रपट घरात दडवून ठेवता येतो. शिळा मात्र सर्वांच्या देखत उभी राहते. सरकारी दप्तर, साक्षीदार आणि पहारेकरी या तिघांचे काम ती एकटी करीत होती.

पुढे राज्य गेले, दान गेले, लिपी विसरली गेली आणि चित्र तेवढे मागे राहिले. मग काही गावांत ती शिळा अशुभ ठरली. तिच्यावर माती लोटली गेली, ती फोडली गेली, विहिरीत टाकली गेली. काही गावांत उलट झाले. तिला शेंदूर लावून तिची देवी केली. देवी झालेली शिळा निदान वाचली, आणि शेंदराखाली तिची अक्षरेही वाचली. फुटलेल्या शिळेबरोबर मात्र कोणी कोणाला, कोणत्या शकात, कोणती जमीन दिली हे कायमचे गेले. कोकणातला मराठीचा जुना इतिहास ज्या थोड्या शिलालेखांवर उभा आहे, त्यांपैकी काही असल्याच शिळांवर आहेत. तेव्हा तुमच्या गावात धुणे धुण्याच्या दगडावर किंवा देवळाच्या पायरीवर चंद्र-सूर्य दिसले, तर तो दगड उचलून घरी आणू नका, घासू नका, त्यावर खडू फिरवू नका. त्याची जागा लिहून घ्या, छायाचित्र घ्या आणि गुरुजींना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. गद्धेगाळ ज्या जमिनीविषयी बोलतो त्या जमिनीवरून तो हलविला की, खिडकीतून निसटलेल्या त्या शिंपल्याची गत त्याची होते.

वस्तूंपेक्षा चित्रे अधिक फसवितात, कारण चित्रातली माणसे आपल्या ओळखीची वाटतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील एक भित्तिचित्र याची साक्ष देईल. सिंहासनावर राजा बसला आहे, भोवती दरबार भरला आहे, आणि टोकदार टोप्या घातलेले, दाढीवाले, गोरे परदेशी लोक हातांत भेटवस्तू घेऊन आत येत आहेत. जेम्स फर्ग्युसन या विद्वानाने १८७९ साली याविषयी एक तर्क मांडला. तबरी नावाच्या इतिहासकाराने इराणचा बादशहा दुसरा खुस्रो आणि हिंदुस्थानातील एक राजा यांच्यामधील वकिलातीचा उल्लेख केला आहे. काळ सातव्या शतकाचा पहिला चरण. त्या वेळी दक्षिणेत चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. तेव्हा हा राजा म्हणजे पुलकेशी, आणि हे परदेशी म्हणजे खुस्रोचे वकील!

तर्क मोठा देखणा होता. ग्रंथातला उल्लेख, भिंतीवरचे चित्र आणि इतिहासातला पराक्रमी राजा असे तिन्ही धागे एका गाठीत आले. शिवाय हर्षवर्धनाला नर्मदेवर अडविणाऱ्या आपल्या पुलकेशीचे चित्र आपल्याच अजिंठ्यात असावे, ही कल्पना कोणाला आवडणार नाही? पिढ्यान् पिढ्या पुस्तकांतून 'पुलकेशीच्या दरबारातील इराणी वकील' हे चित्र छापले गेले, आणि परीक्षेत त्यावर गुण मिळाले.

गाठ सुटली ती काळाच्या प्रश्नावर. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. त्यावरून, आणि लेण्यांची घडण, खांबांची नक्षी व चित्रांची धाटणी एकमेकांशी ताडून पाहता, पहिले लेणेही त्याच बहराच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले ठरते. पुलकेशी गादीवर आला तो सातव्या शतकात. जो राजा जन्मण्यास अद्याप शंभरावर वर्षे होती त्याचा दरबार चिताऱ्याने कसा रंगविला असेल? मग चित्र कशाचे? श्लिंग्लोफ या जर्मन पंडिताने अजिंठ्याची चित्रे बौद्ध कथांशी ओळीने ताडून पाहिली. त्याच्या मते या भिंतीवर महासुदर्शन राजाची कथा आहे, आणि तो राजा म्हणजे पूर्वजन्मीचे बुद्ध. चैत्याच्या आणि विहाराच्या भिंतींवर बुद्धकथा असावी हे स्वाभाविकच होते. पण एक सांगावयास हवे. फर्ग्युसनची पहिली पायरी चुकलेली नव्हती. ती माणसे परदेशीच आहेत. त्यांच्या टोप्या, झगे आणि दाढ्या चिताऱ्याने डोळ्यांनी पाहून काढलेल्या दिसतात. इराण-मध्य आशियाकडील लोकांची आपल्याकडे पाचव्या शतकातही वर्दळ होती, हे त्या चित्राने सिद्धच केले. त्याने माणसे बरोबर ओळखली; त्यांची नावे सांगावयास गेला, तेथे पाय घसरला.

आता उलट दिशेचा प्रवास पाहा. इटलीतील पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली एका घरात सुमारे वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर वस्त्रापेक्षा अलंकार अधिक, हातांत कोपरापर्यंत आणि पायांत घोट्यापासून वर चढत गेलेली कडी, मागे जाड वेणी. दोन बाजूंना दोन लहान दासी. मूर्ती रोमन नाही, हिंदुस्थानी आहे, हे पाहताक्षणीच कळले. उत्खनन करणाऱ्या मायुरी यांनी तिला लक्ष्मी म्हटले, आणि 'पाँपेईची लक्ष्मी' हे नाव कायम झाले. परंतु हातात कमळ नाही, माथ्यावर पाणी घालणारे हत्ती नाहीत, आणि बाजूच्या मुलींच्या हातांत पूजेचे नव्हे, शृंगाराचे साहित्य आहे. तिला यक्षी म्हणावे, किंवा नुसती शृंगार करणारी स्त्री म्हणावे, असे पुष्कळांना आता वाटते.

तिच्या कामाविषयीचा प्रश्न अधिक मौजेचा आहे. तिच्या डोक्यातून खाली उभे छिद्र पाडलेले आहे. देवाच्या मूर्तीला असे छिद्र कशाला हवे? त्यात काही तरी बसविलेले असणार. प्रथम वाटले, ती आरशाची मूठ असावी. पुढे वाटले, आरशाची मूठ धरावयाची म्हटली तर दोन्ही दासी बोटांना टोचतील; तेव्हा ती एखाद्या लहान चौरंगाचा पाय असावी. तिचे गाव शोधणाऱ्यांना तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतले एक अक्षर दिसले, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. पण तिच्यासारख्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या त्या मराठवाड्यात. एक तेर येथे आणि एक, खंडित, भोकरदन येथे. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वहीत तगर आणि पैठण येथून भडोच बंदराकडे येणाऱ्या मालाची नोंद आहे. त्या रस्त्याने सातवाहनांच्या राज्यातून गाड्या निघाल्या असतील, आणि त्यांतल्या एकीत गवताच्या गादीवर ही बाई निजलेली असेल, असे मानण्यास चांगला आधार आहे. तेरची तिची बहीण तेरच्याच संग्रहालयात आहे. मोठीला मात्र पाहावयाचे तर नेपल्सला जावे लागते.

परदेशी न जाता पाहता येईल असे एक कोडे आमच्या गोव्यात आहे. रिवणजवळ उसगाळीमळ येथे कुशावती नदीच्या काठी जांभ्या दगडाच्या विस्तीर्ण सड्यावर शंभरावर चित्रे कोरलेली आहेत. बैल, हरणे, माणसांच्या आकृती. गावकऱ्यांना ती ठाऊक होतीच. विद्वानांना ती १९९३ साली ठाऊक झाली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सड्यांवरही अशीच कातळशिल्पे आहेत. कशेळीचा हत्ती तर इतका मोठा आहे की त्याच्या पोटात लहान लहान आकृतींची एक वसाहतच मावली आहे. युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या प्राथमिक यादीत २०२२ साली ही कोकणातली शिल्पे आणि गोव्याचे हे स्थळ एकत्रच घालण्यात आले.

उसगाळीमळच्या सड्यावर एकात एक गेलेल्या वर्तुळांची एक आकृती आहे. बाहेरून आत शिरणारी आणि वळणे घेत मध्याशी पोहोचणारी. पाहणारा मराठी माणूस एकदम 'चक्रव्यूह' म्हणतो, कारण अभिमन्यूची गोष्ट त्याने लहानपणी ऐकलेली असते. ग्रीकांच्या क्रीट बेटावरील नोसॉस नगरीच्या जुन्या नाण्यांवर याच जातीची आकृती आहे, आणि ग्रीक माणूस तिला बैलतोंड्या राक्षसाचा भुलभुलैया म्हणतो. दोघेही आपापल्या आजीची गोष्ट त्या दगडात वाचतात. कोरणाऱ्याला अभिमन्यू ठाऊक होता की नाही, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. विचारावयाचा असेल तर त्या आकृतीच्या शेजारी काय कोरले आहे ते आधी पाहावे. शेजारी रथ नाहीत, धनुर्धारी सैन्य नाही. शेजारी जनावरे आहेत.

ही शिल्पे भर दुपारी पाहावयास गेलात तर निराश व्हाल. उन डोक्यावर असले की रेघा सपाट होतात आणि नुसता काळा-तांबडा कातळ दिसतो. सकाळी लवकर किंवा उन कलल्यावर जावे. तिरप्या उजेडात प्रत्येक रेघेत सावली साठते आणि बैल एकेक करून दगडातून उठू लागतात. तेथे आमच्याबरोबर आलेल्या, घरी गुरे असलेल्या एका सातवीतल्या मुलाने त्या वर्तुळांभोवती दोनदा फेरी मारली आणि म्हटले, "सर, हा गोठा असेल. वाघ एकदम आत जाऊ नये म्हणून वळणे ठेवली." त्याचे म्हणणे आम्ही वहीत टिपून घेतले आहे.